तुटायचा दोरा

सौदीत वाढले असं सांगितलं की लोक लगेच वाळूबद्दल विचारतात. आम्ही राहायचो त्या अबहाच्या डोंगरात उन्हाळ्यातसुद्धा पायावर गोधडी घ्यावी लागायची, दुपारचं धुकं खिडकीतून आत यायचं आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर माकडांची टोळी बसलेली असायची. हे सांगितलं की समोरचा माणूस, ही बाई थापा मारतेय, अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघतो. मग मी पुढचं सांगतच नाही. पुढचं म्हणजे, त्या डोंगरात जंगल होतं, उन्हाळ्यात त्याला आगी लागायच्या आणि त्या विझवायला विमानातून माणसं उड्या मारायची. ती ज्या छत्र्या पाठीवर बांधून उड्या मारायची, त्या माझे अब्बा शिवून, घडी घालून, सही करून द्यायचे. माझ्या स्वतःच्या मुलालाही हे अजून पुरतं पटलेलं नाही. म्हणून म्हटलं, पन्नाशी आली, आता लिहूनच ठेवावं.

तिथल्या झाडाला अरार म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर सुरूची बनं असतात ना, त्या सुरूचा बुटका, गाठाळ, म्हातारा भाऊ. डोंगराचा कडा जिथे एकदम तुटून खाली जातो, त्या उतारांवर ही झाडं उभी होती. तिथे रस्ता नव्हता. जीप जाईल तिथपर्यंत जायचं आणि पुढे अर्धा दिवस चालायचं, तोवर डोंगर जळून मोकळा. म्हणून एका कंपनीने, करून तर बघू, अशा बोलीवर सहा उडी मारणारे आणले होते, कुणी कॅनडाचे, कुणी रशियाचे. एक जुनं पंख्यांचं विमान, गावाबाहेर एक धावपट्टी आणि तिच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड. धूर दिसला की भोंगा वाजायचा आणि दहा मिनिटांत विमान आमच्या गच्चीवरून जायचं. त्या माणसांजवळ पाण्याचा थेंब नसायचा. करवतीने झुडपं तोडायची, कुदळीने आगीभोवती जमीन खरवडून उघडी करायची, म्हणजे आगीला पुढे यायला काही उरत नाही. मग दोन-तीन दिवसांनी, भुतासारखी काळी झालेली ती माणसं चालत खाली उतरायची.

अब्बांचा आणि आगीचा काही संबंध नव्हता. आमचं घराणं रत्नागिरीकडच्या खाडीवरचं, शिडं शिवणारं. माझ्या आजोबांच्या हयातीतच गलबतांना इंजिनं लागली आणि शिडांचं काम संपलं. अब्बा मुंबईत तंबू शिवायला लागले, तिथून सौदीतल्या यान्बू बंदरात आमच्या मामांच्या ओळखीने ताडपत्र्या शिवायला, आणि तिथून या कंपनीत. कॅनडाच्या एका तज्ज्ञाने त्यांना चार महिने शिकवलं आणि म्हणे तो जाताना म्हणाला, की या माणसाच्या हातची छत्री मी डोळे मिटून पाठीवर घेईन. अब्बा हे वाक्य इतक्यांदा सांगायचे, की अम्मी भांडी घासता घासता त्यांच्याआधीच ते पुरं करायची.

शेडमध्ये एक नियम होता. छत्री घडी घालून पिशवीत गेली की तिच्या खिशात एक कार्ड ठेवायचं आणि त्यावर घडी घालणाऱ्याने सही करायची. काही बिघडलं तर दुसरं कुणी नाही, सहीवाला जबाबदार. घरात मात्र आमचा जुना नियम होता, आजोबांपासूनचा. दोरा हातात आला की आधी त्याचं टोक दोन्ही तर्जन्यांना गुंडाळायचं आणि हिसका द्यायचा. बोट कापेल पण दोरा तुटणार नाही, तो दोरा घ्यायचा. तुटला तो टाकायचा. आम्हा घरातल्या सगळ्यांच्या तर्जनीवर त्याचा बारीक वण असायचा. माझ्या अजूनही आहे, आणि माझ्या शिवणक्लासातल्या मुली त्याबद्दल विचारतात.

मी पंधरा वर्षांची होते आणि मला काहीच काम नव्हतं. तिथल्या आमच्या छोट्या शाळेत मुलींसाठी आठवीपर्यंतच वर्ग होते. पुढच्या शिक्षणासाठी मला गावी आत्याकडे ठेवायचं की नाही, यावर दर महिन्याला चर्चा व्हायची आणि दर महिन्याला अम्मी म्हणायची, "एवढी एक पोर हाय, ती पण धाडा मग." म्हणजे नाही. अब्बा सकाळी गेले की बाहेरचं लोखंडी दार खाड्कन लागायचं, आणि त्यानंतर दिवसभर त्या घरात दुसरा आवाज व्हायचा तो शिवणयंत्राचा, टाकीवरच्या माकडांचा आणि पाच वेळच्या बांगेचा. शेजारी एक सुदानी कुटुंब होतं, त्यांच्या मुली माझ्याकडे बघून हसायच्या, मी हसायचे, आणि तेवढ्यावर दोन वर्षं गेली. बाहेर जायचं ते अब्बांसोबत, शुक्रवारी, गाडीतून. कड्याच्या टोकाला गाडी उभी करून आम्ही तिघं थर्मासातला चहा प्यायचो, खाली ढग असायचे. अम्मी त्या ढगांकडे पाठ करून बसायची. तिला खाडी बघायची सवय. खाली पाणी नसेल तर बघायचं काय, असं तिचं म्हणणं.

अम्मी एकटेपणावर स्वयंपाकाने मारा करायची. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी गावाहून यायचा, त्याच्यासोबत सुका जवळा, सोलं आणि तांदळाचा रवा यायचा. त्या रव्याची ती सांदणं करायची, नारळाच्या रसातली, आणि ती अब्बांच्या डब्यातून त्या उडी मारणाऱ्यांपर्यंत पोचायची. जवळा भाजला की वास सगळ्या गल्लीत. सुदानी बाई खिडकी लावून घ्यायची, तो आवाजही मला अजून ऐकू येतो. आणि गावी जाणारा माणूस भेटला की आम्ही कॅसेट भरायचो. पत्र लिहायचा अम्मीला कंटाळा. टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवायचा, तिघांनी भोवती बसायचं आणि पाळीपाळीने बोलायचं. अब्बा हवामान सांगायचे. मी, माझा अभ्यास चालू आहे, असं सांगायचे, जो चालू नव्हता. अम्मी शेवटी बोलायची, नेहमी तेच, "आमची काळजी करू नका. आमी हितं मजेत हाव." मग तीच बटण दाबायची. 

त्या वर्षी फहद आला. सौदायझेशनचे दिवस होते. रियाधहून, तिथल्या ओलाया भागातल्या कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून फर्मान आलं होतं, की प्रत्येक जागेवर स्थानिक माणूस तयार करा. बाहेरच्याने शिकवायचं आणि शिकवून झालं की खलास, घरी. फहद कड्याखालच्या एका गावचा, बावीस-तेवीस वर्षांचा, लाजाळू पोरगा. ज्या जंगलासाठी हा सगळा खटाटोप होता, त्यातला एक उतार त्याच्या टोळीचा. अब्बांना तो 'मुअल्लिम' म्हणायचा, गुरुजी म्हणावं तसं. अब्बांना तो मनापासून आवडायचा आणि तेच वाईट होतं. "हात चांगला हाय त्याचा," ते जेवताना म्हणायचे. अब्बांचा इकामा, तिथे राहायचा परवाना, संपत आला होता. नवा करायचा की नाही, हे ज्याच्या जामिनावर आम्ही तिथे होतो तो कफील ठरवणार होता, म्हणजे ऑफिस ठरवणार होतं, म्हणजे फहदचा हात ठरवणार होता. आणखी दोन वर्षं मिळाली तर गावचं घर पुरं होईल आणि मग जाऊ, असं आमच्या घरात बोललं जायचं. मला कुणी विचारत नव्हतं.

एकदा दुपारी मी फुटलेच. कारण आठवत नाही, बहुतेक माकडाने माझी वाळत घातलेली ओढणी नेली होती. मी अम्मीला ओरडून म्हटलं, "जाऊ दे ना अब्बांची नोकरी! गेली तर बरंच होईल, मी तर दुवा मागते जायची!" अम्मीने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग मला पडद्याखालून अब्बांचे पाय दिसले. ते केव्हा आले होते कुणास ठाऊक. ते बाहेर आले, हात धुतले, जेवले, आणि जाताना रोजच्यासारखं "येतो गो" म्हणाले. ऐकलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी विचारलं नाही.

आगींचे दिवस सुरू झाले की शेडमध्ये काम इतकं साचायचं, की अब्बा बारीकसारीक गोष्टी घरी आणायचे. पट्ट्या शिवायच्या, खिसे लावायचे. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढे पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ ठेवलं. "याचे वीतभर तुकडे कर. मेण लाव आणि दहा-दहाच्या जुड्या बांध. सकाळी नेतो." एवढंच. कशाला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते गेल्यावर मी टोक बोटांना गुंडाळून हिसका दिला. दोरा पट्कन तुटला. दुसऱ्या ठिकाणी बघितलं, तिथेही तुटला. सगळं रीळ तसंच, गावठी राखीच्या दोऱ्यासारखं कच्चं. माझ्या मनात आलं, धुक्याने कुजलं असणार. घाईत अब्बांच्या लक्षात आलेलं नाही. असल्या दोऱ्यावर माणूस आभाळातून उडी मारणार?

आमच्याकडे आजोबांच्या पेटीतला शिडाचा दोरा होता, त्याच जाडीचा. अम्मी तो जिवापाड जपायची. मी तो काढला, हिसका दिला, तर्जनीला रक्त आलं. समाधान वाटलं. साठ तुकडे केले, मेण लावलं. मेण लावल्यावर दोन्ही दोरे सारखेच दिसतात. कच्चं रीळ मी कचऱ्यात टाकलं. अब्बांना सांगितलं नाही, कारण मला वाटलं, एखाद दिवशी ते स्वतः ओळखतील आणि म्हणतील, माझ्या पोरीने वेळेवर बघितलं. त्या दुपारच्या माझ्या बोलण्याची ती माझ्या परीने भरपाई होती. तेही इथे लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी दुपारी अब्बा जेवायला आले ते खुशीत. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. म्हणाले, "फहदने आज काय विचारलं माहीत हाय? म्हणतो, मुअल्लिम, सगळी छत्री एवढी मजबूत आणि शेंड्याला बांधायचा दोरा एवढा बारीक का?" अम्मीने विचारलं, "मग का?" अब्बा भाकरीचा तुकडा हातात धरून समजावायला लागले. विमानात एक दोरी अडकवलेली असते. माणूस उडी मारतो, ती दोरी त्याच्या पाठीवरची पिशवी ओढून काढते, पिशवीतून छत्री बाहेर येते. छत्रीचा शेंडा त्या दोरीला या बारीक दोऱ्याने बांधलेला असतो, म्हणजे छत्री सरळ ताणली जाते. आणि पुरी ताणली की तो दोरा तुटायलाच पाहिजे. "नाय तुटला तर?" अम्मी म्हणाली. "नाय तुटला तर माणूस विमानामागे लोंबकळत ऱ्हाईल. ना वर घेता येत, ना खाली सोडता येत. पोटावरची दुसरी छत्री पण मग काय कामाची नाय. सगळ्या छत्रीत तो एकच दोरा असा, की तो तुटण्यासाठी बांधायचा." मग हसून म्हणाले, "कालपासून सहा छत्र्या फहदकडूनच बांधून घेतल्या. सही केली मी."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मला सगळं कळलं, अगदी सगळं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तेवढ्यात भोंगा वाजला. अब्बा अर्ध्या भाकरीवरून उठले, हात तसाच पुसला, "येतो गो" म्हणाले. लोखंडी दार लागलं, गाडी सुरू झाली. मी उभीच. मला वाटत होतं, मी सांगेन आणि ते मला विचारतील, तूच म्हणालीस ना, नोकरी गेली तर बरं? या एका भीतीपायी मी गाडीचा आवाज वळणावर नाहीसा होईपर्यंत गप्प राहिले. आयुष्यात मी लहानमोठी पापं पुष्कळ केली असतील. पण मोजायची वेळ आली तर मी ती दोन मिनिटं पहिली मोजीन.

मग मी अम्मीला सांगितलं. तिने डोक्याला हात लावला नाही की रडली नाही. "फोन कर," म्हणाली. फोनवर एक कागद चिकटवलेला होता, शेडचा नंबर, आणि त्याखाली अब्बांच्या अक्षरात 'करायचा नाही' असं. घरच्या बायकामुलींनी पुरुषांच्या कामाच्या जागी फोन करायची तिथे रीतच नव्हती. अब्बा अजून वाटेत असणार. घंटी वाजत राहिली. मग फहदचा आवाज आला. त्याचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता, पण 'अलो' मधला लाजाळूपणा ओळखू आला. शाळेतलं माझं अरबी म्हणजे कवितेच्या चार ओळी. मी ओरडले, "खैत! अल-खैत गवी! गवी!" दोरा, दोरा मजबूत आहे. मी पुन्हा, "मुअल्लिम इब्राहीम, बिन्त! अल-खैत गवी!" इब्राहीमची मुलगी. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. फोन टेबलावर पडल्याचा आला, आणि पळणाऱ्या सपातांचा.

अम्मी आणि मी गच्चीवर गेलो. टाकीवर माकडं होती. कड्याच्या बाजूला धूर उभा होता, सरळ, निळसर. विमानाचे पंखे फिरल्याचा आवाज आला. तो वाढत गेला. अम्मी माझा दंड धरून कलमा म्हणत होती आणि तिची नखं माझ्यात रुतत होती. आवाज वाढला, वाढला, आणि मग हळूहळू कमी होऊन थांबला. विमान वर आलं नाही. अम्मी तिथेच गच्चीवर खाली बसली.

पुढचं अब्बांकडून कळलं. विमान धावपट्टीवर वळलं होतं तेव्हा फहद पिकअप घेऊन सरळ त्याच्या समोर गेला आणि डोक्यावरचा रुमाल, गुत्रा, काढून दोन्ही हातांनी हलवत उभा राहिला. अब्बा पोचले तेव्हा सहाही छत्र्या शेडमधल्या लांब टेबलावर उघड्या पडल्या होत्या आणि फहद एकेक गाठ कात्रीने कापत होता. अब्बांनी एक तुकडा उचलला, बोटांना गुंडाळला, हिसका दिला. आमच्याच पेटीतला दोरा, त्यांनी ओळखला. छत्र्या पुन्हा घडी घालायला दोन तास लागले. दोन तासांत आग उतार उतरून गेली. तो उतार फहदच्या टोळीचा होता. त्याच्या आजोबांच्या आजोबांच्या वेळची झाडं होती, असं म्हणत. तीन दिवस आमच्या गच्चीवर राख पडत होती, अम्मी सकाळ-संध्याकाळ झाडायची.

ऑफिसातून दोन माणसं आली. अब्बांनी सांगितलं, दोरा मी आणला, सही माझी आहे. माझं नाव त्यांनी काढलं नाही. फहदला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, बांधतानाच हाताला शंका आली होती. फोन आला होता हे त्याने सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरातल्या मुलीचा आवाज ऐकला, हे चारचौघांत बोलायचं नसतं, अशी त्यांच्याकडची रीत. त्या रीतीने मी वाचले आणि अब्बा बुडाले. कारण कागदावर उरलं ते एवढंच, की बाहेरच्या माणसाने चूक केली आणि स्थानिक माणसाने ती पकडली. रियाधला तर याहून बरा कागद हवाच नव्हता. महिन्याच्या आत आमच्या पासपोर्टांवर एक्झिटचा शिक्का बसला.

निघायच्या आदल्या दिवशी फहद मधाचा डबा घेऊन आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. मी दाराआड होते. तो अब्बांना काहीतरी म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. अब्बा त्याच्या पाठीवर थापटत "मालीश, मालीश" म्हणत राहिले, जाऊ दे, जाऊ दे. मग आत येऊन त्यांनी डबा अम्मीकडे दिला आणि म्हणाले, "आता तो त्या कार्डांवर सही करील. नीट करील." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. किंवा बघितलं असेल, मी खाली बघत होते.

गावी अब्बांनी होड्यांवरच्या ताडपत्र्या शिवल्या, मंडपाची कापडं शिवली. घर अर्धंच राहिलं, वरच्या मजल्याच्या सळ्या अजून आभाळाकडे तोंड करून गंजतायत. मला हवं होतं ते सगळं मिळालं, खाडी, शाळा, मैत्रिणी, आणि त्यातल्या कशाचीही मला मजा घेता आली नाही. कारण माझी खात्री झाली होती, की पडद्याआड त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं, आणि त्यांना वाटतंय की दोरा मी मुद्दाम बदलला. अम्मीने त्यांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, फोनसुद्धा. पण ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. रागावले असते तर मी रडले असते आणि मिटलं असतं. माझं लग्न झालं, मुलगा झाला, अम्मी गेली. आम्ही दोघं बसून हजारदा चहा प्यायलो असू, आणि हजारदा मी ते ओठांवर आणून गिळलं.

गेल्या वर्षी अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी होती, त्यांना दिसत नव्हतं, म्हणूनच मला बोलता आलं. मी म्हटलं, "अब्बा, अबहाला तो दोरा मी मुद्दाम नव्हता बदलला."

"म्हायती हाय की," ते म्हणाले. "मुद्दाम केलं असतंस तर फोन कशाला केला असतास?"

इतकं सोपं होतं. पस्तीस वर्षं. मी म्हटलं, "पण त्या दिवशी मी अम्मीला ओरडून बोलले होते, नोकरी गेली तर बरं. तुम्ही पडद्याआड होतात."

"ऐकलं ना मी." त्यांचा अंगठा तर्जनीवरच्या वणावरून फिरत होता. "मला बरं वाटलेलं गो ते ऐकून. मला वाटायचं, या घरात मी एकटाच हाय, ज्याला परत जायचंय. तुमी दोघी कॅसेटीत मजेत हाव, मजेत हाव म्हणायच्यात. मग मी कसा बोलू?"

मी त्यांचा हात धरून बसले. पट्टीमुळे त्यांना माझं रडणं दिसलं नाही, आणि मी ऐकू येऊ दिलं नाही.

अम्मीला काय हवं होतं ते आता कुणाला विचारायचं? आत्याने जपून ठेवलेली एक कॅसेट आहे माझ्याकडे. परवा मुलाने ती लावून दिली. आधी अब्बा हवामान सांगतात, मग मी अभ्यासाचं खोटं बोलते. मग अम्मी. "आमची काळजी करू नका. आमी हितं मजेत हाव." बटण दाबायला तिला जरा उशीर झालेला आहे. त्या दोन-तीन सेकंदांत ती श्वास घेते, पुढे काहीतरी बोलायला घ्यावा तसा, आणि मग टेप बंद होते.